कासारणीच्या सांजवातीची कहाणी

बायांनो, हातीं तांदळाचे दाणे धरा, पदर सावरून बसा, लेकरं चुळबुळ करतील तर करू द्या. ऐक सांजवाती आई, तुझी कहाणी.

आटपाट नगर, नगराला चार वेशी. पूर्वेच्या वेशीपाशी कासारआळी, आणि कासारआळीत भिवरा कासारीण राहत असे. तिच्या हाताला मोठा गुण. कुणाचं लगीन असो, कुणाचं डोहाळजेवण असो, बांगड्या भरायला भिवराच लागे. हात राठ असो, सुजलेला असो, म्हातारपणानं आखडलेला असो, भिवरा तो आपल्या मांडीवर घेई. बोटं जुळवी, अंगठा आत वळवी, माहेरच्या गोष्टी काढी. "सैल सोड ग बाई, सैल सोड," म्हणे. मग बांगडी कधी चढली ते बाईला कळतही नसे. भिवरेनं कधी जोर केला नाही. बांगडी पिचली तर हाताला बोल लावला नाही. नगरातल्या बाया म्हणत, भिवरेच्या हाती हात दिला की निम्मा शीण जातो.

हे झालं परक्या हातांचं. घरीं काय होतं? घरीं बकुळा होती.

बकुळा भिवरेची एकुलती लेक. अंगानं काडी, पायांना मात्र वारा लागलेला. शेजारणीनं पापड वाळत घातले, ही त्यांच्यावरून चालत गेली. माळ्याची लेक शेवंती शाळेत पुढं बसली, हिनं तिची वेणी खांबाला बांधली. कुणी विचारलं, तर "मी नाही" म्हणाली, आणि म्हणताना डोळा लवला नाही.

मग भिवरा काय करी? सकाळी ओरडे, दुपारी धपाटा घाली, संध्याकाळी ओट्यावर बसून शेजारणींपुढं लेकीचा पाढा वाचे. बाप काय करी? बाप सखाप्पा, माणूस भला, भांडणाला भिणारा. भिवरा "नको" म्हणाली की हा मागल्या दारी लेकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवी, "आईला सांगू नको हं" म्हणे. आणि शाळेत पंतोजींनी बकुळेला रागे भरलं, तर पोरीच्या देखतच म्हणे, "त्या पंतोजींना काय कळतंय लेकरांतलं?"

मग पोर काय शिकली? आईचा शब्द एक, बापाचा दुसरा, पंतोजींचा तिसरा. ज्यात आपली सोय, तो आपला. लहान होती, मूर्ख नव्हती.

एके दिवशी बकुळेनं काय केलं? आईच्या हिरव्या बांगड्या घेतल्या आणि शेळीच्या शिंगांत भरल्या. शेळी उधळली, आळीभर काचा झाल्या. भिवरेच्या रागाला पारावार राहिला नाही. ती म्हणाली, "आता पुन्हा काही केलंस तर तुला मावशीच्या गावी धाडीन. तिथं भट्टीपाशी काचा निवडत बस. मला असली लेक नको."

बकुळा उठली. शेळीमागून फिरून काचा वेचत राहिली. पण त्या दिवसापासून ती निजताना आईचा पदर धरीनाशी झाली. भिवरेला ते दिसलं नाही. ओरडणाऱ्या माणसाला कमी दिसतं, बायांनो, तुम्ही-आम्ही सगळ्या ते जाणतो.

मग श्रावणमास आला. भिवरेच्या दारी एक म्हातारी आली. अंगावर जुनेर लुगडं, हाती काठी, उजवा हात आखडून मूठ झालेला. म्हणाली, "कासारणी, बांगड्या भरशील का? सगळ्या आळीनं परत धाडलंय. म्हणतात, हा हात उघडायचा नाही."

"बसा आजी," भिवरा म्हणाली. तिनं तो हात मांडीवर घेतला. तेल लावलं, एकेक बोट चोळलं, "सैल सोडा हो आजी" म्हणत राहिली. इतक्यात बकुळा पाण्याची घागर घेऊन आली, उंबऱ्याला अडखळली, घागर कलंडली, म्हातारीचं जुनेर भिजलं. भिवरा कडाडली, "आंधळी आहेस का ग? कधी एक काम धड करशील?" तोंडानं हे चाललं होतं, आणि म्हातारीचा हात तिच्या हातांत तसाच, मऊ धरलेला होता.

म्हातारी हसली. म्हणाली, "भिवरे, या हाताला किती जपतेस. हा तुझा कोण लागतो?"

भिवरेची मान खाली गेली. डोळ्यांना पाणी आलं. "आजी, मी तरी काय करू? कुणी म्हणतं मारा, कुणी म्हणतं मोकळी सोडा. मला काहीतरी वसा सांगा."

"वसा सांगेन. पण तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. दिवेलागणीला सांजवात लावावी. लेकीला जवळ घ्यावं. दिवसभरात तिचं जे बरं आपल्या डोळ्यांनी पाहिलं, ते एक तिला सांगावं. 'शहाणी ग माझी' असं मोघम सांगू नये, काय केलंस ते सांगावं. वाढवून सांगू नये, दुसऱ्याच्या लेकीशी तोलून सांगू नये. चूक झाली तर ती तिथल्या तिथं, खालच्या आवाजात सांगावी, वातीपुढं आणू नये. सांडलं तर तिच्याकडूनच पुसून घ्यावं, आणि पुसल्यावर ते संपलं म्हणावं. आई-बापाचा शब्द एक असावा, आणि तोच शब्द शाळेत असावा. वातीपुढं सांगायला काही नसेल, तर त्या सांजेला आईनं तोंडात घास घालू नये."

"आणि याचं उद्यापन?"

"ते तुझी लेक करील," म्हातारी म्हणाली. डाव्या हातातल्या बांगड्या वाजवीत गेली. उजवी मूठ मात्र मिटलेलीच राहिली, त्या हाती बांगडी चढलीच नाही.

पहिली सांज झाली. भिवरेनं वात लावली, बकुळेला जवळ बोलावलं. बकुळा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर येऊन उभी राहिली, कारण जवळ बोलावणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. भिवरा आठवू लागली. आज पोरीनं बरं काय केलं? काही आठवेना. केलं नव्हतं असं नव्हे, हिनं पाहिलंच नव्हतं. खोटं सांगायचं नव्हतं. भिवरा उपाशी निजली.

दुसरी सांज झाली. पुन्हा तेच. भिवरा उपाशी निजली.

तिसऱ्या दिवशी भिवरेनं ओरडणं बाजूला ठेवलं आणि पाहत बसली. भूक माणसाला पाहायला लावते. बकुळा अंगण झाडत होती. झाडता झाडता खाली बसली. शेळी उधळली त्या दिवसाच्या काचांचा एक कण मातीत चमकत होता. तिनं तो नखानं उकरला, कपड्यात बांधला, भिंतीच्या कोनाड्यात ठेवला. तिथं तशा कणांची एक पुरचुंडीच होती.

सांज झाली, वात लागली. भिवरा म्हणाली, "बकुळे, आज मी पाहिलं. तू मातीतली काच उकरून काढलीस आणि उंच ठेवलीस."

बकुळेनं आईकडं पाहिलं. मग म्हणाली, "शेजारचं तान्हं रांगायला लागलंय." एवढंच बोलली, आणि एक पाऊल जवळ सरकली. भिवरा घास घ्यायला बसली. पोर रोज काचा वेचते आहे, आणि मी रोज तिचा पाढा वाचते आहे, असं तिच्या मनीं आलं.

मग भिवरेनं नवऱ्याला समोर बसवलं. "उद्यापासून मी नको म्हटलं तर तुम्हीही नको म्हणायचं. तुम्ही हो म्हटलं तर मी हो म्हणेन. आधी दोघांनी बोलायचं, मग पोरीला सांगायचं." सखाप्पा म्हणाला, "आणि गूळ?" भिवरा म्हणाली, "गूळ पुढल्या दारानं द्यायचा, जेवण झाल्यावर, माझ्या देखत." सखाप्पाला हे अवघड गेलं. पण गडी शब्दाला जागला. पुढं त्याच्या लक्षात आलं, की पुढल्या दारी दिलेल्या गुळाला लेक हसते जास्त.

मग भिवरा शाळेत गेली. राणीनं देवळाच्या ओवरीत नगरातल्या लेकरांसाठी शाळा घातली होती. पंतोजी तिला पाहून धास्तावले, भांडायला आली म्हणून. भिवरा म्हणाली, "पंतोजी, घरीं आम्ही एक नेम धरलाय. चुकलं तर हळू सांगायचं, निस्तरायला लावायचं, आणि बरं दिसलं तर तेही सांगायचं. तुम्हालाही तिचं काही बरं दिसलं, तर शाळा सुटताना तिला सांगाल?" पंतोजींनी शेंडी कुरवाळली. "बरं? बकुळेचं?" म्हणाले. मग म्हणाले, "पाहतो." आणि पाहू लागले.

बायांनो, पाहिल्यावर काय दिसत नाही? बकुळा धूळपाटीवर अक्षर चुकली की स्वतःच पुसते, हे दिसलं. मागं बसणाऱ्या मुक्या पोरीला खुणांनी हिशोब सांगते, हे दिसलं. शेवंतीची वेणी हाती आली आणि हिनं सोडून दिली, हेही दिसलं. शाळेत पंतोजी सांगत, घरीं आई सांगे, बाप मान डोलावी. बकुळा काही एका दिवसात देवी झाली नाही. पापड एकदा तुडवले, तर शेजारणीकडं जाऊन नवे लाटून आली, वेडेवाकडे. पण "मी नाही" म्हणणं कमी झालं. घर हसू लागलं. आळीतल्या बाया विचारू लागल्या, भिवरे, तू केलंस तरी काय?

आणि इथंच भिवरा चुकली. चुकली ती कासारणीसारखीच चुकली.

बांगडीवाली दिवसभर काय बोलते? हात कसाही असो, "शोभतात हो बाई, तुमच्याच हातासाठी घडवल्यात." तो धंद्याचा बोल, त्यात पाप नाही. पण भिवरा घरीं तोच बोल बोलू लागली. गिऱ्हाइकं वाढली, पाहायला सवड होईना, आणि लेकीची कीर्ती तर झालेली. मग वात लावावी, हात जोडावे, आणि न पाहताच म्हणावं, "माझी बकुळा गुणाची, माझी बकुळा सोन्याची." ओट्यावर बसून चार बायांना ऐकू जाईल असं म्हणावं. भिवरा उतली, मातली, आणि तिला कळलं नाही.

मग एके दिवशी काय झालं? शाळेत पिण्याच्या पाण्याचा मोठा रांजण होता. बकुळा त्याच्या काठावर चढली, आतल्या पाण्यात आपलं तोंड पाहू लागली. रांजण हलला, पडला, फुटला. सगळ्यांचं पाणी गेलं, धूळपाट्यांचा चिखल झाला. बकुळा पळाली. आवाज ऐकून शेवंती धावत आली, तिचा परकर भिजला, आणि पंतोजी आले तेव्हा तुकड्यांपाशी शेवंती उभी होती.

पंतोजींनी विचारलं. शेवंती म्हणाली, "मी नाही, बकुळा असेल." बकुळेला बोलावून आणलं, तीही म्हणाली, "मी नाही." आणि योगायोग पाहा, भिवरा तिथूनच बांगड्यांची पेटी घेऊन चालली होती. ती पायऱ्या चढून आली. म्हणाली, "माझी लेक? ती नाही असं करायची. रोज वातीपुढं तिचे गुण सांगते मी." पंतोजींनी भिवरेच्या शब्दाला मान दिला. शेवंतीला म्हणाले, "खरं सांगेपर्यंत ओवरीबाहेर बस." शेवंती बाहेर पायरीवर जाऊन बसली.

त्या सांजेला भिवरेनं वात लावली. "माझी बकुळा खोटं कधी बोलायची नाही," म्हणाली. वात विझली. भिवरा म्हणाली, वारा असेल. दार लावून घेतलं.

दुसऱ्या सांजेला वात लावली, तेच म्हणाली. वात विझली. भिवरा म्हणाली, तेलात पाणी असेल. तेल बदललं.

तिसऱ्या सांजेला नवी वात वळली, नवं तेल घातलं, दार लावलं. "माझी बकुळा गुणाची," म्हणाली. वात विझली.

अंधारात बकुळा बोलली. म्हणाली, "आई, तू मला गिऱ्हाइकाला सांगतेस तसं सांगतेस."

"म्हणजे कसं ग?"

"हात कसाही असला तरी तू शोभतात म्हणतेस. तसं."

भिवरा अंधारातच लेकीशेजारी बसली. दिवा तसाच विझलेला. ती म्हणाली, "खरं आहे. या दिवसांत मी तुझ्याकडं पाहिलंच नाही. पाहिलं ते एवढंच, की तू जेवत नाहीस. शेवंतीच्या मळ्यावरून जायची वाट तू सोडलीस. हे पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. बाई, तुला झालंय काय?"

बकुळा रडू लागली. "सांगितलं तर मावशीच्या गावी धाडशील."

तेव्हा भिवरेला आपलं बोलणं आठवलं. बोलून ती विसरली होती. पोर विसरली नव्हती. रोज रात्री उशाशी ते घेऊन निजत होती, आणि त्याच्याच भयानं खोटं बोलत होती. भिवरेला स्वतःची फार लाज वाटली. ती म्हणाली, "ते बोलणं मी मागं घेते. चुकलीस तर चूक तुलाच निस्तरावी लागेल, ती मी निस्तरणार नाही, झाकणारही नाही. पण घर तुझं आहे. कसलीही चूक केलीस तरी संध्याकाळी याच वातीपाशी यायचं."

मग बकुळेनं सगळं सांगितलं. रांजण, पाणी, शेवंती. सखाप्पा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "मी कुंभाराकडून रांजण आणतो आणि गुपचूप ठेवून येतो. पोरीला कशाला एवढ्या लेकरांपुढं..." भिवरेनं नुसतं पाहिलं. सखाप्पा थांबला. "बरं," म्हणाला, "शब्द एक." त्या सांजेला त्या घरीं कुणीच जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं देवळाशी गेली. आई-बाप खाली राहिले. शेवंती पायरीवर बसलेली होती. बकुळा एक पायरी चढली, थांबली. दुसरी चढली, मागं वळून पाहिलं. भिवरेच्या जिभेवर आलं होतं, राहू दे ग, मी सांगते. तिनं पदर दातांत धरला. बकुळा तिसरी पायरी चढली, ओवरीत गेली. सगळ्या लेकरांपुढं म्हणाली, "रांजण मी फोडला. खोटं मी बोलले. शेवंती नव्हती."

पंतोजी उठले, बाहेर आले, शेवंतीचा हात धरून तिला आत नेलं. म्हणाले, "पोरी, माझं चुकलं. मी नीट विचारलं नाही." मग बकुळेला म्हणाले, "नवा रांजण येईपर्यंत सगळ्यांचं पाणी तू भरायचंस." भिवरा खालून म्हणाली, "आणि चूक माझीही होती, पंतोजी. न पाहता मी ग्वाही दिली." असं बोलायला छाती लागते. भिवरेला ती होती.

मग बकुळा रोज नदीवरून घागर आणी. पहिला तांब्या शेवंतीपुढं धरी. पहिल्या दिवशी शेवंतीनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पाणी घेतलं, बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पाणी प्याली आणि म्हणाली, "माझी वेणी पुन्हा खांबाला बांधलीस तर बघ." मग दोघी हसल्या. पण हे पुढचं झालं.

त्या दिवशी, कबूल केलं त्या दिवशी, तिघं घरीं आली तर ओट्यावर म्हातारी बसलेली. तोच आखडलेला हात. म्हणाली, "भिवरे, वसा काय झाला?" भिवरा म्हणाली, "आजी, उतले, मातले, टाकला. पुन्हा घेतला आहे."

"मग उद्यापन करा. बांगड्या आज लेकीनं भराव्या."

बकुळा घाबरली. भिवरेनं पेटी तिच्यापुढं ठेवली आणि आपले हात मांडीखाली घेतले. बकुळेनं म्हातारीचा हात घेतला, तेल लावलं, एकेक बोट चोळलं. "सैल सोडा हो आजी," म्हणाली. पहिली बांगडी पिचली. भिवरा काही बोलली नाही. दुसरी पिचली. भिवरा काही बोलली नाही. बकुळेनं काचा वेचल्या, बाजूला ठेवल्या, तिसरी बांगडी घेतली. तेवढ्यात म्हातारीची मूठ उमलली, बोटं सरळ झाली, बांगडी सुळकन चढली. वर पाहतात तो ओट्यावर कुणी नाही. उंबऱ्याशी एक दिवा होता, लावलेला नव्हता, तेल-वात मात्र तयार होती.

मग दिवेलागण झाली. भिवरेनं तो दिवा लावला. बकुळेला जवळ घेतलं. म्हणाली, "बकुळे, आज मी पाहिलं. पायऱ्या चढताना तू थांबलीस. तू मागं वळून पाहिलंस, परत येशील असं मला वाटलं. आणि तू वर गेलीस."

वात हलली नाही. सरळ उभी राहिली, घरभर उजेड पडला. सगळी पोटभर जेवली. निजायची वेळ झाली. बकुळा आईच्या कुशीला आली, आणि डोळे मिटता मिटता तिनं आईचा पदर मुठीत धरला.

पुढं नगरातल्या घरोघरी सांजवातीचा वसा झाला. राणीनंही घेतला, आणि पहिल्या सांजेला तीही उपाशीच निजली.

जसं भिवरेनं पाहिलं, तसं आपल्या घरच्या लेकरांचं बरं आपल्या डोळ्यांना दिसो. जशी बकुळा वातीपाशी परत आली, तशी चुकलेली सगळी लेकरं आपापल्या घरच्या उजेडात परत येवोत. दाणे सांजवाती आईला वाहा. साठ बोलांची कहाणी, पाचच बोलांत सांगितली, ऐकणारीच्या पदरीं सुफळ होवो, सांगणारीच्या मुखीं संपूर्ण होवो.